टाचेतलं आगर

काळुराम भोईराचा पाय वाचला.

हे वाक्य कोणीही वाचलेलं नाही, असं धरून चालू. माघ महिन्यात ठाण्याजवळच्या कोलशेत गावात कोणी असं बोललं असतं, तर लोकांनी आधी त्याचीच नाडी बघितली असती. माघात काळुरामाच्या उजव्या टाचेला भोक होतं, आणि ते बुजायची चिन्हं नव्हती.

दिवाळी उरकल्यावर मिठागराचा बांध लिंपताना चिखलात लपलेली कालवाची शिंप त्याच्या टाचेत घुसली होती. आगरात राबणाऱ्याला यात नवीन काही नाही. शिंप कापते, मीठ झोंबतं, माणूस शिवी देतो आणि आठवडाभरात टाच आपली आपण भरून येते. शिवी काळुरामाने वेळच्या वेळी दिली. टाचेने आपलं काम केलं नाही. संक्रांत गेली तरी जखम तोंड उघडून होती, जणू तिलाही काहीतरी प्यायला हवं होतं.

काळुराम सकाळी ताडी पीत असे, कारण सकाळची ताडी गोड असते. दुपारी पीत असे, कारण तोवर ती आंबते आणि आंबलेली टाकून देणं पाप. संध्याकाळी मोहाची पीत असे, कारण सरकारने ती घरी गाळायला बंदी केली होती, आणि असं वाळीत टाकलेल्याला एकटं सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. टाच ठणकू लागली तेव्हा महिपत, आगरावर राबणाऱ्या त्याच्याच टोळीतला जिवाचा दोस्त, अफूच्या गोळ्या घेऊन आला. गोळी घेतली की ठणका थांबे. जखम थांबत नसे. ती पसरतच होती, पण आता ते दुसऱ्या कुणाच्या तरी पायात चाललंय, असं काळुरामाला वाटे.

शेवटी त्याच्या बायकोने, तुळसाने, त्याला मिठाच्या बैलगाडीत गोणींवर लादलं, महिपताला त्याला धरून बसवलं आणि ठाण्याच्या दवाखान्याची वाट धरली.

दवाखान्यात गोपीनाथ नावाचे तरुण डॉक्टर होते, मुंबईला शिकून नुकतेच आलेले. त्यांनी टाचेचा वास घेतला, मग काळुरामाच्या तोंडाचा वास घेतला, आणि दोन्ही एकाच घरचे निघाल्यासारखी मान हलवली. सडण अजून हाडाला लागलेली नाही, ते म्हणाले. होळीपर्यंत जखम भरू लागली तर ठीक, नाहीतर पाऊल घोट्यापासून काढावं लागेल.

मिठागराचं काम म्हणजे पायांचं काम. वाफ्याचा तळ तुडवून तुडवून दगडासारखा करावा, तेव्हा कुठे मीठ पांढरं उतरतं. एका पायाने तुडवणाऱ्याला बांधावर कोण उभं करणार? काळुरामाने हात जोडून मलम मागितलं. डॉक्टर म्हणाले, मलम मिळेल, पण दारू आणि अफू सुटल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. काळुरामाने अदबीने लक्षात आणून दिलं की दारू तोंडातून जाते, जखम टाचेत आहे, आणि मधे अख्खा काळुराम आहे.

डॉक्टर उठले आणि आतून एक पितळी यंत्र घेऊन आले. त्याला ते सूक्ष्मदर्शक म्हणत. महिपताने लगेच त्याचं नाव बसकी दुर्बीण ठेवलं. डॉक्टरांनी काळुरामाच्या गालाच्या आतून काडीने जरासं खरवडलं, काचेवर पसरलं, वर औषधाचा तांबूस थेंब टाकला आणि म्हणाले, बघ.

काळुरामाने डोळा लावला.

"दाक्तर," तो म्हणाला, "हे आगर हाय."

वाफ्याला वाफा लागून होता. मधे बारीक बांध, कुठे सरळ, कुठे वाकडे, आणि प्रत्येक वाफ्यात मधोमध एक ठिपका, राखण्या बसावा तसा.

"कुनाचं?"

"तुझंच."

"सावकाराचं नाय?"

"तुझ्या गालातून काढलं ना रे आत्ता. तुझंच आहे."

काळुरामाच्या बापाने लोकांची आगरं तुडवली, आज्याने तुडवली, त्याने स्वतः तुडवली. घरात स्वतःचं असं खारं काही असेल तर तुळसाचं कालवण. आणि आता हा माणूस सांगत होता की टाळूपासून टाचेपर्यंत सगळा मुलूख त्याचा. त्याने डोळा काढला, पुसला, परत लावला. आगर जागच्या जागी होतं.

मग डॉक्टरांनी त्याच्याच भाषेत समजावलं. या वाफ्यांना पेशी म्हणतात. जुन्या मरतात, नव्या येतात. पेशी वाढते, मधे बांध घालते आणि एकीच्या दोन होतात. जखमही अशीच भरते, कडेकडून आत. दारू म्हणजे या आगरावर पडणारा अवकाळी पाऊस. रक्ताबरोबर ती वाफ्यावाफ्यात शिरते, टाचेतसुद्धा. मग दोन व्हायच्या त्या पेशी एकट्याच बसून राहतात, घाण उपसणाऱ्या सुस्तावतात, नवं रक्त आणायचे पाट खणलेच जात नाहीत. आणि ठणका म्हणजे बांध फुटल्याची हाक. अफू हाक मारणाऱ्याचं तोंड दाबते आणि कामाला आलेल्यांनाही गुंगवते.

महिपताने कंबरेची अफूची डबी गुपचूप मागे सरकवली.

निघताना डॉक्टरांनी तुळसाला बाजूला घेऊन बजावलं. दारू तुटली की हा थरथरेल, नसलेलं बघेल. सोबत सतत कोणीतरी हवं. पेज द्या, पाणी पाजा, जखम उकळलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा, आणि झटके आले तर मला बोलवा, वेळ बघू नका.

गावात शिरल्या शिरल्या काळुरामाने टोळीला सांगितलं की आपण आगराचे मालक झालो आहोत आणि त्या आगराचा बांध फुटला आहे.

टोळीचा एक नियम होता. बांध कुणाचाही फुटो, हाक आली की प्रत्येकाने फावडं घेऊन जायचं, आणि बांध धरेपर्यंत पाणी आत घेणाऱ्या दाराशी, म्हणजे उघाडीवर, पाळीपाळीने पहारा द्यायचा. पहाऱ्यावरच्याने प्यायची नाही. एकदा प्यायलेला पहारेकरी उघाडीतून येणाऱ्या भरतीला "ये बस" म्हणाला होता, आणि साऱ्या हंगामाचं मीठ खाडीला गेलं होतं.

माणसाच्या अंगाला हा नियम लागतो का, यावर पारावर बराच खल झाला. एकाचं म्हणणं, आगर डोळ्याला दिसलं पाहिजे. महिपत म्हणाला, मी दुर्बिणीजवळ उभा होतो. दुसऱ्याने विचारलं, पण याची उघाडी कुठं? यावर सगळ्यांनी एकदमच काळुरामाच्या तोंडाकडे बघितलं.

तुळसा पुढे झाली. "बांध फुटलाय," ती म्हणाली. "येनार का नाय, तेवडं सांगा."

ते आले. फावडी घेऊन आले, कारण फावड्याशिवाय पहारा कसला. काळुरामाच्या पडवीत टोळी पाळीपाळीने बसू लागली, आणि नियमाप्रमाणे कोरडी. पाळी संपली तरी पंचाईत होती. प्यायलेल्याला दुसऱ्या पाळीला तुळसा पडवी चढू देत नसे, आणि पाळी लगेच परत येई. गिऱ्हाईक तुटलेलं पाहून ताडीवाल्याला वाटलं, गावात देवीची साथ आली. त्याने घाबरून लस टोचून घेतली.

पहिले काही दिवस वाईट गेले. काळुराम घामाने भिजला, हातातली पेज अंगावर सांडू लागला. त्याने तुळसाला शिव्या दिल्या, मग रडला, मग नुसता घोटभर मागितला. तिने पाणी दिलं. डॉक्टर एकदा येऊन औषध देऊन गेले. त्यानंतरच्या दुपारी त्याला भिंतीवरून खेकडे उतरताना दिसले. मोठाले, काळे, टाचेच्या दिशेने येणारे. तो ओरडून कोपऱ्यात सरकला.

पाळी महिपताची होती. त्याने भिंतीकडे निरखून पाहिलं. भिंत स्वच्छ होती.

"किती हायत?"

"लय," काळुराम म्हणाला.

महिपताने फावडं उचललं आणि नसलेला पहिला खेकडा त्यावर घेतला, अंगणाच्या टोकापर्यंत नेला, टाकला, परत आला. दुसरा घेतला. काळुराम बोट दाखवी, महिपत उचली. मधे एकदा काळुराम म्हणाला, तो निसटला, तर महिपत वाकून बाजेखाली गेला आणि त्याला काढून आला. ऊन कलेपर्यंत हेच चाललं होतं. घाम आता दोघांनाही आला होता. शेवटी काळुराम म्हणाला, संपले. महिपताने दार लावलं, उंबऱ्यात बसला आणि फावडं पुसलं. काळुरामाला तेव्हा झोप लागली, त्या महिन्यातली पहिली, विकत न घेतलेली.

त्यानंतर टाच कामाला लागली. कडेला लाल दाणे दिसू लागले. इतकी वर्षं बुडवलेल्या, गुंगवलेल्या त्या वाफ्यांनी ना माफी मागायला लावली, ना रुसवा धरला. पाऊस थांबल्याचं कळताच त्यांनी बांध घालायला घेतले. काळुराम फडकं सोडून तासन्‌तास टाचेकडे बघत बसे. एवढा अपमान गिळून इतक्या मुकाट्याने कामावर परतणारं साऱ्या गावात कोणी नव्हतं, तो स्वतः तर नव्हताच.

होळी आली. होळीला देवीची म्हणून प्रत्येकाच्या हातात ताडी पडते, आणि ती नाकारणं म्हणजे देवीला नाकारणं. काळुरामाच्याही हातात करवंटी आली. त्याने ती तोंडाला लावली नाही, पण खालीही ठेवली नाही. वास नाकात शिरला. सगळी टोळी बघत होती. पाऊल राहणार की जाणार, ते त्या करवंटीत होतं, आणि हे त्याच्याइतकंच तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

तुळसाने करवंटी त्याच्या हातातून घेतली नाही. नुसती म्हणाली, "देवीची हाय तर देवीलाच दे. तिचा बांध पक्का हाय."

काळुरामाने ताडी होळीपुढच्या मातीवर ओतली. मग महिपताकडे वळला. "तू पी रे. तुजं काय फुटलंय?"

महिपताने डावा तळहात पुढे केला. मीठ ओढताना चिरलेला तो हात मागच्या हंगामापासून चिघळत होता. आता तिथे नुसती गुलाबी रेघ होती.

"मना पन कललं नाय, कवा भरला," तो म्हणाला, आणि त्यानेही ओतली. एकामागून एक टोळी ओतत गेली. त्या वर्षी देवीला झेपेल त्याहून जास्त झाली असावी.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी टाच दाबून पाहिली, पुन्हा दाबून पाहिली आणि कापायची हत्यारं परत पेटीत ठेवायला सांगितली. इथे अगदी कोवळं, नवं कातडं आलंय, ते म्हणाले, माघात हे नव्हतंच. पण पुन्हा तो दारूचा पाऊस पाडू नकोस. पोटातलं यकृतही असंच भरून काढतं बिचारं, पण तिथले काही बांध एकदा खचले की खचले.

काळुरामाला डॉक्टरांच्या पाया पडायचं होतं, पण वाकताना टाच दुखेल म्हणून डॉक्टरांनीच त्याला धरलं. मग तो बाकावर बसून राहिला. आभार कुणाचे मानायचे ते त्याला ठरवता येईना. तुळसाचे मानले तर ती म्हणे, कातडं मी विणलं का? महिपत म्हणे, मी खेकडे काढले तेवढेच. शेवटी त्याने डॉक्टरांना कागद घ्यायला लावला. गोपीनाथ डॉक्टरांनी टाक बुडवला आणि चेहऱ्यावरची एक रेघही न हलवता काळुरामाने सांगितलं ते सरकारी भाषेत उतरवलं:

"मेहेरबान कलेक्टरसाहेब बहादुर, जिल्हा ठाणे, यांचे सेवेशी. अर्जदार काळुराम बिन दगडू भोईर, मौजे कोलशेत, तालुका साष्टी, याचा नम्र अर्ज ऐसा जे, अर्जदाराचे उजवे टाचेवर चालू साली नवीन कातडीचा जन्म झाला असून तिची प्रकृती उत्तम आहे. तरी सदर जन्माची सरकारदप्तरी रीतसर नोंद व्हावी. आईचे जागी अर्जदाराची बायको तुळसा व सुईणीचे जागी महिपत व मंडळी यांची नावे लिहावी. बापाची जागा अर्जदाराची मागील वर्तणूक पाहता कोरी ठेवावी. आणि सदर कातडी सज्ञान होईपर्यंत अर्जदाराचे पूर्वीचे कोणतेही कृत्य तिचे नावावर मांडले जाऊ नये, असा हुकूम होऊन दाखला मिळावा, ही विनंती."