बिनवासाचं घर

सुरुची पालथी पडून कपाटाखालची फरशी हुंगत होती. गाल फरशीला टेकलेला, एक डोळा मिटलेला, आणि नाक भिंतीच्या कडेने इंचाइंचाने सरकत होतं. कोपऱ्याशी येऊन ती थांबली आणि तिने पुन्हा एकदा हुंगलं.

"आहे," ती म्हणाली.

"नाहीये," विघ्नेश दारातून म्हणाला. "मला तरी नाही येत."

"तुम्हाला काल दूध करपलेलं कळलं नव्हतं."

चौदा वर्षांच्या संसारात नाकाच्या बाबतीत आपला शब्द चालत नाही, एवढं विघ्नेश शिकला होता. घड्याळात साडेआठ झाले होते. अकरा वाजता हेतल मॅडम येणार होत्या, मुंबईच्या दत्तक संस्थेकडून, घर बघायला. आठ वर्षं डॉक्टर झाले, दोन वर्षं नवस झाले, दीड वर्ष संस्थेच्या फेऱ्या झाल्या, आणि सगळं गाडं आता या एका सकाळवर येऊन थांबलं होतं. मॅडमना घर पसंत पडलं तर या खोलीत मूल झोपणार होतं. नाही पडलं तर पुढच्या वर्षी विघ्नेश संस्थेच्या वयाच्या अटीबाहेर जाणार होता, आणि मग कुणी फाइल उघडूनही बघणार नव्हतं.

आणि नेमका या खोलीलाच वास मारत होता.

वास बंड्याचा होता. बंड्या म्हणजे बोका. उमेळे गावातली ही इमारत नवी होती तेव्हा तो शेजारच्या आग्नेसबाईंच्या वाडीतून कुंपणाच्या भिंतीवरून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आला, घरभर हिंडून आला आणि राहिला. दोघांना विचारण्याची त्याला काही गरज वाटली नाही. तीन वर्षांत त्याने घरात एकदाही घाण केली नव्हती. गॅलरीतून वाडीत जायचा, काम उरकून परत यायचा. पण महिन्यापूर्वी ही खोली रिकामी करून तिला पिवळा रंग दिला, लहान खाट आणली, नवी गादी भरून घेतली, आणि बंड्याचं डोकं फिरलं. शेपटी ताठ करून त्याने आधी गादीवर धार सोडली, मग खाटेच्या पायावर, मग नव्या रंगावर.

बोक्याच्या मुताचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही. तो नाकात जातो आणि टाळूला चिकटून बसतो. सुरुचीने पहिल्या दिवशी अर्धी बाटली फिनेल ओतलं. दुसऱ्या दिवशी बंड्याने बरोबर त्याच जागी पुन्हा केलं. मग सोडा झाला, लिंबू झालं, कडुनिंबाच्या पाल्याची धुरी झाली. टँकर एक दिवसाआड यायचा, त्यातलं निम्मं पाणी या खोलीत जायचं आणि विघ्नेश अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायचा. सासूबाईंनी देवरुखहून येणाऱ्या माणसाबरोबर गोमूत्राची बाटली पाठवली. ती शिंपडून झाल्यावर विघ्नेश म्हणाला, "एकाचं घालवायला दुसऱ्याचं आणलं." त्यावर दोन दिवस घरात त्याच्याशी कुणी बोललं नाही. घरात होती दोनच माणसं.

गादी तर धुताही येईना. स्टेशनजवळच्या गादीवाल्याने शिवण उसवली, कापूस मुठीत घेऊन नाकाशी नेला आणि विचारलं, "मांजर?" सुरुचीने मान खाली घातली. "टाकून द्या ताई. कापूस विसरत नाही," तो म्हणाला. दुसरी गादी भरून घेतली. ती तेव्हापासून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खाटेवर ठेवली होती.

एवढा आटापिटा करण्यापेक्षा 'आमच्याकडे बोका आहे' असं सांगून मोकळं का झालं नाही, असं कुणीही विचारेल. पण संस्थेच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईने सांगितलं होतं, "घरात मांजर-कुत्रं असलं ना, की मूल देत नाहीत. माझ्या नणंदेला असंच परत पाठवलं." आणि बाकावरच्या बाईच्या नणंदेचा अनुभव आपल्याकडे सरकारी कागदापेक्षा वरचा. फॉर्मवर 'पाळीव प्राणी' या शब्दांपुढे सुरुचीने स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. तेव्हापासून तिला नीट झोप नव्हती. वास येतो म्हणून कमी, आणि वासाबरोबर ते 'नाही' बाहेर येईल म्हणून जास्त.

काल संध्याकाळी आग्नेसबाई येऊन बंड्याला घेऊन गेल्या होत्या. लुगड्याचा पदर खोचलेला, एका हातात झाकणाची टोपली, दुसऱ्या हातात ताडीच्या सिरक्याची, म्हणजे घरगुती व्हिनेगरची, बाटली.

"अगो बाय, फिनेल कशाला ओतते?" खोलीत पाऊल टाकताच त्या म्हणाल्या. "त्याचा वास आला का तो आनखी चिडतो. ह्या सिरक्यात पानी घाल आन पुसून घे. मी लोनच्याला ठेवलेला, पन जा, पोर येतंय घरात."

'पोर येतंय' असं त्या इतक्या सहज म्हणाल्या की सुरुचीने बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरली. टोपलीतून बंड्याने एकदा आवाज दिला. तिने ऐकू न आल्यासारखं केलं आणि बाटलीचं बूच काढलं.

आता तिने तो शेवटचा कोपरा सिरक्याने तीनदा पुसला. मग सिरक्याचा वास राहील म्हणून साध्या पाण्याने पुसला. दोन्ही खिडक्या उघडल्या. दहा वाजता वीज गेली, पंखा थांबला, आणि खोली तापायला लागली तशी तिची घालमेल वाढली. उन्हाने फरशीत मुरलेलं सगळं वर येतं, हे तिला महिन्याभरात चांगलंच कळलं होतं. पण आता तिच्या नाकाचाच भरवसा उरला नव्हता. हाताला वास, केसांना वास, डोळे मिटले तरी वास.

"अहो, तुम्ही खाली जा," ती म्हणाली. "गेटबाहेर दहा मिनिटं उभे राहा. मोकळी हवा घ्या. आणि मग पाहुण्यासारखे या."

"पाहुण्यासारखा म्हणजे?"

"म्हणजे बेल वाजवून."

विघ्नेश गेला. इस्त्रीचा शर्ट घालून दहा मिनिटं उन्हात उभा राहिला. वॉचमनने दोनदा विचारलं, कुणाची वाट बघताय. मग वर येऊन त्याने बेलवर बोट ठेवलं, वीज नाही हे आठवून कडी वाजवली, आणि दार उघडल्यावर खरोखरच "नमस्कार" म्हणून आत आला. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, मग आतली खोली. डोळे मिटून त्याने लांब श्वास घेतला.

"काय?" सुरुचीने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच वास नाही. आपल्या घराचासुद्धा नाही."

सुरुची खाटेच्या कडेवर टेकली आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिने पाठ सैल सोडली.

हेतल मॅडम सव्वाअकराला आल्या. तिशीच्या असतील, खांद्याला कापडी पिशवी, हातात फाइल. ही मुलगी आपल्याहून लहान आहे, आणि आपण आई व्हायचं की नाही हे तिने ठरवायचं, हे मनात येताच सुरुचीने उगाचच पदर सारखा केला. मॅडमनी पाणी घेतलं आणि घर बघितलं. गॅलरीला जाळी लावणार का, संडासाची कडी आतून किती उंचीवर आहे, शाळा किती लांब, असे सगळे प्रश्न विचारले. सुरुचीने पाठ केल्यासारखी उत्तरं दिली.

आतल्या खोलीत मॅडम बराच वेळ उभ्या राहिल्या. पिवळ्या भिंती, बदकांची चादर, फळीवर ओळीने मांडलेली, अजून कागदातून न काढलेली खेळणी. सुरुची त्यांच्या नाकपुड्यांकडे बघत होती. त्या हलल्या नाहीत.

"घर खूपच क्लीन ठेवलंय तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"सवय आहे," सुरुची म्हणाली. "मला घाण जराही चालत नाही."

"रोज असंच असतं?"

"रोज."

मॅडमनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. बाहेर येऊन बसल्या, दोन-चार सह्या घेतल्या आणि पेन पिशवीत टाकलं. "ठीक आहे. आम्ही कळवू."

विघ्नेशची कचेरीत वीस वर्षं झाली होती. 'कळवू' म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. त्याने सुरुचीकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता, पण ती उठली आणि मॅडमच्या समोर येऊन बसली.

"आमचं काही चुकलं का?"

"चुकलं असं नाही, ताई." मॅडम थोड्या अडखळल्या. "तुम्ही लिहिलंय ना, मोठं मूल पण चालेल. म्हणून एक मुलगी माझ्या मनात होती. साडेचार वर्षांची आहे. आधी एका फॅमिलीत दिली होती. एकदम छान माणसं, असंच चकाचक घर. तीन महिन्यांनी परत आणून सोडली."

"परत?"

"रात्री अंथरूण ओलं करते. त्या बाई म्हणाल्या, घराला वास लागतो, आम्हाला सहन होत नाही." मॅडमनी एकदा चकचकीत फरशीकडे बघितलं. "आता मला भीती वाटते. दुसऱ्यांदा तिला असं परत यायला लागलं, तर मी तिला काय सांगणार? राग मानू नका. तुमचं घर चांगलंच आहे."

म्हणजे आमचं घर नको, कारण ते स्वच्छ आहे, एवढंच सुरुचीच्या डोक्यात शिरलं. महिनाभर गुडघे फोडून जे घासलं, तेच आडवं आलं होतं. तिला हसावं की रडावं कळेना, आणि मग एकदम तिला कशाचीच भीती वाटेनाशी झाली.

"आमच्याकडे बोका आहे," ती म्हणाली.

विघ्नेशने झटकन वर बघितलं.

"फॉर्मवर मी खोटं लिहिलं. महिनाभर तो त्या खोलीत मुततोय. काल त्याला शेजारी ठेवला आणि आज सकाळपर्यंत मी फरशी पुसत होते. रोज असं काही नसतं हो. रोज भांडी पडलेली असतात."

उठायला म्हणून पिशवीवर ठेवलेला हेतल मॅडमचा हात तसाच राहिला.

"मी चिडले त्याच्यावर. एकदा झाडू पण मारला. मी धुवायची, तो पुन्हा करायचा. मला वाटायचं, मुद्दाम करतोय." सुरुची बोलता बोलता थांबली. सिरक्याने सुरकुतलेल्या बोटांकडे बघत ती हळूहळू, एकेक शब्द जुळवत बोलायला लागली. "त्या खोलीत पूर्वी आमच्या पेट्या होत्या, जुनं गोणपाट होतं, त्यावर तो झोपायचा. ते सगळं मी फेकलं. रंग दिला, फिनेल ओतलं. त्याला आपलं असं काही सापडतच नसेल तिथे. मग तो करायचा आणि मी ते पण पुसून टाकायची."

हे तिला आधी सुचलं नव्हतं. बोलता बोलताच कळत होतं, आणि कळलं तसे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

"त्या मुलीचं नाव काय?"

"पिंकी."

"ती झोपते कशावर?"

"एक गोधडी आहे तिची. फाटलीय. कुणाला हात लावू देत नाही."

"त्या घरी ती दिली होती बरोबर?"

"नाही. आम्ही मुलांना सगळं नवीन देऊनच पाठवतो. कपडे, चादर, सगळं. तशी पद्धत आहे."

"आम्हाला नवीन काही नको," सुरुची म्हणाली. "ती आलीच तर गोधडी बरोबर द्या. आणि धुऊन देऊ नका. आहे तशीच द्या."

"न धुता?"

"न धुता."

हेतल मॅडमनी पिशवीतून पेन पुन्हा काढलं, फाइल गुडघ्यावर उघडली आणि लिहायला लागल्या. लिहिता लिहिता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "आमच्या मोठ्या बाई मला विचारतील, वास येणारी गोधडी कशाला पाठवायची म्हणून. काय सांगू त्यांना?"

सुरुचीने विघ्नेशकडे बघितलं. सबंध सकाळ त्याने नाकाव्यतिरिक्त कशावरही मत दिलं नव्हतं.

"सांगा, तिच्या आईने मागितलीय," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात आल्यावर रिकामा पेला उचलून घाईघाईने आत निघून गेला.