पोरांचा कडता

कवायत केल्यामुळे आणि वर हरभरे खाल्ल्यामुळे गावच्या शाळेतली पोरं वाळली, असा निकाल तालुक्याच्या साहेबांनी दिला आणि शाळा सुटल्यानंतरचा वर्ग बंद झाला. हे झालंच नाही असं धरून आपण पुढं जाऊ. गावानंही तसंच धरलं आहे, आणि धरून चालण्याचा गावाला आपल्यापेक्षा जास्त अनुभव आहे.

तर, "पाय आत घे की गं, साखळीत अडकंल," बळीराम तोलार म्हणाला.

त्याची पोरगी शोभा तराजूच्या पारड्यात उकिडवी बसली होती. समोरच्या पारड्यात लोखंडी वजनं. आषाढ चालला होता आणि रेवणसिद्धप्पाची अडत इतकी रिकामी होती, की उंदीरसुद्धा पाहुणे म्हणून दुसऱ्या गावी गेले होते. मोठा काटा गावात हा एकच. म्हणून नागनाथ मास्तरानं शाळा रांगेनं इथं आणली होती.

सरकारची नवीन योजना आली होती. शाळा सुटली की पोरांकडून कवायत करून घ्यायची, खेळ घ्यायचे, मोड आलेले हरभरे आणि गुळाचा खडा द्यायचा, आणि सुरुवातीला एकदा, मग माघात एकदा वजन करायचं. वजन वाढलं तर वर्ग पुढं चालू. योजनेत सगळं होतं, फक्त वजनकाटा नव्हता.

त्या दिवशी अडतीवर कुणी घेणारा नव्हता, कुणी विकणारा नव्हता. बळीरामला कसली घाई नव्हती. काट्याची थरथर थांबेपर्यंत तो थांबायचा आणि दिसेल तेच सांगायचा. असं वजन त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच केलं असेल.

वर्ग सुरू झाला. हरभरे भिजवायला बौद्धवाड्यातली राजूबाई होती. पहिल्याच दिवशी दोन आया शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि मास्तराला म्हणाल्या, "तिच्या हातचं आमची पोरं खात न्हाईत." नागनाथ मास्तर म्हणाला, "बरं." मग त्यानं पोरांना मैदानाच्या भरपूर फेऱ्या मारायला लावल्या. धापा टाकत आलेल्या पोराला हात कुणाचा ते दिसत नाही, मूठ किती भरलीय तेवढं दिसतं. आया घरी गेल्या. समाजसुधारणेचा एवढा स्वस्त उपाय त्यानंतर कुणाला सापडल्याचं ऐकिवात नाही.

खो-खो सुरू झाला की बळीराम अडतीच्या ओट्यावर येऊन उभा राहायचा. त्याच्या घरात आजवर जो कुणी पळाला, तो एक तर ढोराच्या मागं पळाला होता किंवा मालकानं हाक मारली म्हणून. शोभा नुसतीच पळत होती. खांबाला वळसा घालताना ती अशी काही झुकायची, की बळीरामचा हात आपोआप साखळी सावरायला वर जायचा.

घरी त्याच्या बायकोचं, सुभद्राबाईचं, म्हणणं वेगळं होतं.

"ही पोरगी कवायत करून येतीय अन् आनखी एक भाकर मागायलीय. त्या मास्तरला सांगा, भूक लागंल असलं कायबी शिकवू नगा म्हणावं."

"वाढतं अंग हाय."

"वाढतं अंग शेतात बी वाढतंय. चौथी झाली की न्यायची म्हणून ठरलंतं का न्हाई?"

"वर्ग हाय तवर ऱ्हाऊ दे. सांजच्याला पोटात चार हरभरे तरी पडायलेत."

"बरं. वर्ग हाय तवर शाळा. वर्ग बंद, शाळा बंद. मग मला कामून म्हणून इचारायचं न्हाई."

बळीरामनं हा सौदा मान्य केला. वर्ग कशानं बंद पडणार? पोरगी डोळ्यांदेखत भरत होती. दिवाळीचा झगा संक्रांतीला आखूड झाला.

माघ आला. तूर आली. अडतीपुढं गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली, आणि त्याच रांगेत, पोत्यांच्या मधेमधे, शाळा उभी राहिली. नागनाथ मास्तर एका हातानं आकडे लिहीत होता आणि दुसऱ्या हातानं पोरांच्या तोंडातली तूर काढत होता.

इथं अडतीची एक रीत सांगितली पाहिजे. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढलं की त्यातून कडता कापतात. बारदानाचा वेगळा, मातीचा वेगळा, ओलाव्याचा वेगळा, आणि यातलं काहीच नसेल तर रीत म्हणून. कडता कायद्यानं बंद आहे. त्यामुळे तो कागदावर न कापता तोलाराच्या तोंडात कापतात. काटा एक दाखवतो, तोलार त्याहून दोन किलो कमी पुकारतो, आणि लिहिणारा पुकारलेलं लिहितो. बळीरामची जीभ यात इतकी तयार होती, की सुगीत तो घरी सुभद्राबाईला शेजाऱ्यांची पोरं किती ते सांगतानाही दोन कमी सांगायचा.

पोतं, पोरगं, पोतं, पोरगी. बळीराम पुकारत होता, मागचे ओरडत होते. शोभा पारड्यात बसली तेव्हा वजनाचं पारडं झटक्यानं वर गेलं. आषाढातल्या वजनांवर आणखी एक किलोचं वजन टाकावं लागलं.

"अप्पा, मी जड झाले का न्हाई?"

"झालीस की गं माय," बळीराम हसून म्हणाला, आणि मास्तराकडं तोंड करून दोन किलो कमी पुकारलं.

महिन्याभरानं नागनाथ मास्तर तोंड पाडून अडतीवर आला. "बळीराम, एक बी पोरगं वाढलं न्हाई. उलटं घटलेत. साहेब म्हणायलेत, पोरं खातेत त्याच्यापेक्षा जास्त पळायलेत. पळण्यात वजन सांडतंय. वर्ग बंद करा म्हणून हुकूम आलाय."

बळीरामच्या हातात वजन होतं. ते त्यानं हळूच खाली ठेवलं.

"मास्तर, पोरं न्हाई घटली. म्या पोरांचा कडता कापला."

मग बळीराम गादीवर बसलेल्या रेवणसिद्धप्पाकडं गेला. रेवणसिद्धप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"एनो, काय रे बळीराम, खुळा झालास का? पोरास्नी परत तोल, चहा बी पाज माझ्या नावानं. पन कामून तोलायलो ते बोलायचं न्हाई."

"कारण सांगितल्याबिगर साहेब परत तोलू देईनात, मालक."

"मग ऱ्हाऊ दे. पोरांचा कडता कापला म्हून तू लिहून दिलास, तर हे गाडीवाले उद्या काय म्हनतील? आमचा बी दे म्हनतील. पोरं काय, आपोआप वाढतेत. अडत आपोआप वाढत न्हाई."

बळीराम जन्मभर मालकाला "व्हय" म्हणत आला होता. त्या दिवशीही तो "व्हय" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं मास्तरासोबत तालुक्याला गेला.

साहेब म्हैसूरकडचे. तीन भाषा बोलायचे आणि तिन्हींत एकच बोलायचे. त्यांनी बळीरामचं म्हणणं शांतपणे ऐकलं.

"कडता कानून से बंद है."

"व्हय साहेब."

"जो चीज बंद है, वो काटी कैसे?"

या प्रश्नाला उत्तर नाहीच. कडता कापला जात नाही, म्हणून पोरांचाही कापला गेला नाही, म्हणून पोरं वाळली. साहेबांनी दोघांना पाणी दिलं आणि वर्ग बंद करण्याच्या कागदावरच राजूबाईचं कामही संपवलं.

बळीराम गावी परतला तेव्हा काट्यावर रेवणसिद्धप्पाचा भाचा निंगप्पा उभा होता. आवाज चांगला होता त्याचा. दोन किलोऐवजी तीन कमी पुकारत होता. बळीरामच्या हातात दाभण आणि सुतळी आली. आता तो दिवसभर पोत्यांची तोंडं शिवतो.

चौथीचा निकाल लागला त्या दिवशी सुभद्राबाईनं शोभासाठी खुरपं काढून ठेवलं आणि बळीरामनं "कामून" म्हटलं नाही. सौदा सौदा असतो. फक्त शोभानं जेवताना अर्धी भाकरी परत टोपल्यात ठेवली आणि विचारलं, "अप्पा, मी खरंच वाळले का? सगळे म्हणायलेत."

बळीराम उठला, नागनाथ मास्तराच्या घरी गेला आणि त्याला लिहायला बसवलं. अर्ज तालुक्याला पोचला आहे. त्यावर शिक्काही पडला आहे. अर्ज असा:

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी. अर्जदार बळीराम, तोलार, हल्ली पोती शिवणार. माघ महिन्यात शाळेच्या मुलांच्या वजनातून अर्जदाराने सवयीने कापलेला कडता कायद्याने बंद असल्यामुळे कापला गेला नाही, हे साहेबांचे म्हणणे अर्जदारास मान्य आहे. तरी जो कापला गेला नाही तो कडता मुलांना परत देण्यात यावा, पैकी अर्जदाराच्या मुलीचा आधी द्यावा, आणि तो मिळेपर्यंत तिचे नाव पटावरून कमी करण्यात येऊ नये, ही विनंती."