हिरवी पुडी

"मावशी, कॅमेऱ्याला इथं काहीच दिसत नाही हो," इंजिनिअर चाय म्हणाला.

युएचिन मावशींनी नौकेच्या फायबरच्या पोटावर स्वतःच काढलेल्या खडूच्या वर्तुळाकडे पाहिलं, मग उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे. सगळं एकसारखं केशरी. तैवानमधल्या काओशियुंगच्या या कारखान्यात एकतीस वर्षं त्या नाण्याने टकटक करून, आवाजावरून आत कुठे थर सुटलाय ते सांगत आल्या होत्या. आज त्यांचा शेवटचा दिवस, आणि ही नौका उद्या पाण्यात जायची होती. गेल्या वर्षापासून डावा कान दगा देतोय, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

मालक हुआंग हळूच म्हणाले, "वय झालं की व्हायचंच, ताई. मनाला लावून घेऊ नका."

हे मात्र झोंबलं. "माझं राहू द्या. त्या कॅमेऱ्याला खाऊ कुठला ठेवलाय ते बघा आधी!"

यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथे प्रत्येक यंत्रावर मक्याच्या खाऊची पुडी असतेच. चायनेही ठेवली होती.

"आई गं, पिवळी! एवढं शिकलास ते काय कामाचं? हिरवीने यंत्र चालतं, पिवळीने अडून बसतं. जा, घेऊन ये."

सगळे खो खो हसले. चायने दिव्यांनी नौकेचं पोट पुन्हा तापवलं, दिवे मालवले आणि तो पळाला. फाटकाजवळच्या दुकानात हिरवी संपली होती. पलीकडच्या गल्लीतून आणेपर्यंत पाव तास गेला.

धापा टाकत त्याने पुडी ठेवली आणि पडद्याकडे बघतच राहिला. वर्तुळाच्या बरोबर मध्ये तळहाताएवढा उजळ डाग उमटला होता.

"थर खूप खोल सुटलाय, मावशी. तिथल्या उष्णतेची खबर वर यायला वेळ लागतो, आणि मी मिनिटभरात बघून मोकळा होत होतो!"

"ते तू अहवालात लिही. मी म्हणेन, खाऊ पावला."

मालकांनी खाली मान घालून उद्याचा मुहूर्त रद्द केला. मावशींना इतका आनंद झाला, की डोळे पुसावे लागले.

जाताना त्यांनी झिजून गुळगुळीत झालेलं नाणं हिरव्या पुडीशेजारी ठेवलं. फाटकापाशी सवयीने हात खिशात गेला. खिसा रिकामा होता. मग त्यांनी बोटानेच खांबावर टकटक केली, उजवा कान लावून ऐकलं.

"भरीव आहे," त्या म्हणाल्या आणि बसकडे निघाल्या.