फावडं आत ठेवायचं

माझं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे, आणि नसत्या चौकशा हा जोडधंदा. चेन अडकलेली बॅग आली की आधी मी ती उलटी करून झटकते. अलीकडे बहुतेक बॅगांतून वाळूच पडते. गिऱ्हाईक ओशाळतं आणि मी विचारत सुटते: गाव कुठलं, कधी निघालात, मागे कोण राहिलं? नवरा म्हणतो, तुला पोलिसातच घ्यायला हवं होतं.

त्यामुळे सासूबाई गाव सोडून कायमच्या आमच्याकडे आल्या आणि त्यांच्या बोचक्यातून फावडं निघालं, तेव्हा माझ्या पोटात प्रश्न मावेनात. आमच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर. अंगण सोडाच, साधी कुंडीसुद्धा नाही. त्यांनी फावडं दाराच्या आतल्या कोपऱ्यात उभं केलं. येता-जाता माझ्या अंगठ्याला ठेच लागायची.

"आई, हे गच्चीवर ठेवू का?" शेवटी मी विचारलंच.

"फावडं आत ठेवायचं असतं," मटार सोलता सोलता त्या म्हणाल्या. "रात्रभर वारा सुटला की सकाळी दाराबाहेर छातीएवढी वाळू. फावडं बाहेर राहिलं तर निघायचं कसं?"

"पण वाळू लोटली तर दारच उघडणार नाही की!"

"आमची दारं आत उघडतात, शहाणे. दार ओढलं की समोर वाळूची भिंत. तिच्यावर दाराच्या फळ्या, खिळे, सगळं उमटलेलं. धाकटी तर त्यावर बोटाने मांजर काढायची. मग मी खणायला घ्यायचे."

धाकटी म्हणजे त्यांची जाऊ, आमच्या काकू. दोघींचेही नवरे गेलेले, दोघींच्या घरांत एकच भिंत. गावातली झुडपं सरपणात गेली, मग वाळूला धरून ठेवणारं काही उरलं नाही. विहीर बुजली आणि एकेक घर उठून शहरात आलं. काकू मात्र हटून बसल्या होत्या. निघताना दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, एवढं मला ठाऊक होतं.

"मग अशी फावडी किती होती तुमच्याकडे?"

"किती कशाला? वाऱ्याच्या दिवसांत आम्ही दोघी एकाच खोलीत झोपायचो. हे एकच."

"मग आता काकूंकडे कुठलं आहे?"

सासूबाईंचा हात थांबला. मांडीवरचे मटार जमिनीवर घरंगळले. तिकडे गावाबाहेर पडताना फावडं बरोबर घ्यायची पद्धत, कारण वाटेत गाडी रुतते. त्याच सवयीने, भांडणाच्या तिरीमिरीत, त्यांनी ते उचललं होतं. आणि वाऱ्याचे दिवस तर सुरू झाले होते. काकू कालपासून फोन घेत नव्हत्या. रुसली असेल, असं सासूबाईच म्हणाल्या होत्या.

नवऱ्याने टेम्पो काढला. वाटभर सासूबाई फावडं मांडीवर धरून बसल्या होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला काही विचारलं नाही. उत्तराची भीती वाटत होती.

रस्ता वाळूत संपला, तिथून चालत गेलो. घराचं दार दिसतच नव्हतं, वर छपराची कड तेवढी. सासूबाईंनी फावडं कुणालाच दिलं नाही, स्वतःच खणत सुटल्या. दाराची वरची फळी उघडी पडली, तसा आतून खरखरीत आवाज आला, "कोण आहे?"

"मी आहे गं!"

"चोरटी! माझं फावडं पळवलंस!"

सासूबाई हसत होत्या की रडत होत्या, काही कळेना. दार मोकळं झाल्यावर काकूंनी ते आत ओढलं. केसांत, भुवयांत वाळू आणि हातात वाकलेली परात. परातीने उपसलेल्या वाळूचा खोलीत ढीग झाला होता. त्या जेवढी काढत, तेवढीच वरून घसरत होती, म्हणून शेवटी त्यांनी दार लोटून घेतलं होतं.

काकू घटाघटा पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मला न्यायला आला असाल तर परत जा."

सासूबाईंनी वाद घातला नाही. त्या आत गेल्या, फावडं नेहमीच्या कोपऱ्यात उभं केलं आणि खाली बसल्या. "नको येऊस," त्या म्हणाल्या. "मीच राहते."

नवरा काही बोलणार होता, मी त्याचा हात दाबला. काकूंनी एकदा फावड्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे. मग उठल्या, पलंगाखालून बॅग ओढली आणि कपडे कोंबायला लागल्या. चेन अडकली, तशी बॅग माझ्यापुढे सरकवली. मी ती झटकली नाही. वाळूसकट ओढून बंद केली.

आम्ही बाहेर पडलो, तेव्हा सासूबाईंच्या दोन्ही हातांत काकूंची बोचकी होती. काकूंनी दार ओढून घेतलं, पुन्हा ढकललं आणि आत जाऊन फावडं घेऊन आल्या.

"अगं, ते आत ठेवायचं असतं," सासूबाई म्हणाल्या.

"आत कोण आहे आता?" काकूंनी फावडं बाहेरच्या भिंतीला नीट टेकवलं. "कधी आलोच, तर आत शिरायला लागेल."