ढिगाऱ्यातलं नाव

डब्याचं झाकण ओट्यावरून घरंगळलं आणि फरशीवर भिंगरीसारखं फिरत राहिलं. एवढ्याशा आवाजानं ती दचकली. परवापासून असंच चाललं होतं. घर शांत झालं की मन नको तिकडे धावायचं.

कारण शेजारच्या बाईंच्या नावाची नोटीस तिनंच टाइप केली होती.

कुणी कुठे चोरून कचरा टाकला की त्याची तक्रार नोंदवायची, हे सफाई खात्यात तिचं काम. मग निरीक्षक जायचा आणि काठीनं ढीग उपसून नाव-पत्त्याचा कागद शोधायचा; विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, काहीही. नाव सापडलं की माणूस सापडला, असा खात्याचा शिरस्ता. परवा कालव्याकाठी त्याला एक खोकं सापडलं. खोक्यावर शेजारच्या बाईंचा पत्ता, आणि आत निळ्या काठाच्या फुटक्या फरश्या. तिच्याच बाथरूममधल्या.

खोकं तिनंच फुटक्या फरश्या भरायला बाईंच्या गॅलरीतून आणलं होतं. बाई फोनवर बोलता बोलता "ने गं, ने" म्हणाल्या होत्या. गवंड्यानं सगळा राडारोडा टेम्पोत भरला, ताई, काळजी सोडा म्हणाला, आणि तिनं खरंच सोडली. राडारोडा डेपोत टाकल्याची पावती मागून घ्या, असं दिवसभर लोकांना फोनवर बजावणारी ती. पण त्या दिवशी मुलीला ताप होता, आणि गवंडी एकदाचा घराबाहेर पडतोय यातच तिला सगळं सुख मिळालं.

फोटोतल्या फरश्या तिनं ओळखल्या. नोकरी कंत्राटी, मुदत याच महिन्यात संपणारी. बोटं आपली टाइप करत राहिली.

बाई निवृत्त शिक्षिका. शाळा सुटली की तिची मुलगी टिंगी त्यांच्याकडेच असायची. आज त्या टिंगीला पोचवायला आल्या तेव्हा त्यांच्या हातात नोटीस होती. आरडाओरडा नाही, तावातावानं भांडण नाही. टिंगी आत गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"मी कधी गं टाकलं हे? मला आठवतच नाही. हल्ली गॅसही दोनदा चालू राहिला. डॉक्टरला दाखवू का?"

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. खरं ते तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच विरघळलं. मी बघते, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं निरीक्षकाला गाठलं. खोकं काय, कुणीही उचलून नेतं. नुसत्या पत्त्यावर माणूस धरू नये, असं म्हणाली.

"पाच वर्षं आपण हेच करतोय," तो हसला. "आजच बरी वकिली सुचली. ओळखीच्या आहेत का?"

"शेजारी आहेत."

यात खोटं काहीच नव्हतं. त्यानं नोटीस रद्द केली.

दुपारी ढीग उचलल्याचा फोटो आला. दोन सफाईवाल्या वाकून फरश्यांचे तुकडे पाटीत भरत होत्या. एकीच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली, चिंधीवर लाल डाग. तिनं फोटो मोठा करून पाहिला, मग लहान केला, आणि तक्रारीपुढे 'निकाली' लिहिलं.

संध्याकाळी बाईंनी दारातच तिचे दोन्ही हात धरले. तू होतीस म्हणून निभावलं, असं तीनतीनदा म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण खोकं तिथे गेलं कसं, ते काही डोक्यात येत नाही बघ. उद्या डॉक्टरकडे जाऊनच येते."

आत्ताच सांगायचं होतं. दार उघडं होतं, बाई समोर होत्या, हात हातात होते. ती म्हणाली, "सांभाळून जा."

दार लागलं. टिंगी एक बूट काढून, दुसरा पायात तसाच ठेवून, तिच्याकडे बघत उभी होती.

"आई, बाई तुला इतकं थँक्यू म्हणत होत्या. तू त्यांच्यासाठी काय केलंस?"