चढायचा नसलेला डोंगर

चर्र! दुपारच्या शांततेत बीपीच्या पट्ट्याचा आवाज झाला आणि माझ्या मांडीवर निजलेली माझी लेक मुक्ता चुळबुळली. माझे सासरे, अण्णा, चोरून पुन्हा बीपी मोजत होते.

"किती?" मी कुजबुजले.

"मशीन बिघडलंय."

"सकाळीही बिघडलं होतं वाटतं," स्वयंपाकघरातून सासूबाई.

अण्णांचा कैलास यात्रेला नंबर लागला होता. पण दिल्लीतल्या तपासणीत बीपी जास्त निघालं, तर तिथूनच परत. पुढच्या वर्षी सत्तरी उलटेल, मग सरकारी यात्रेला अर्जही घेत नाहीत. म्हणून अण्णा रोज पहाटे पाठीवर पाण्याच्या बाटल्या लादून, घड्याळ लावून, धापा टाकत वारज्याची टेकडी चढायचे. डॉक्टरांनी गोळी बदलली होती आणि 'दमानं घ्या' असंही सांगितलं होतं. त्यातलं गोळीचं तेवढं त्यांनी ऐकलं.

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अहो, कैलासावर चढतं का कुणी?"

"छे! पाय ठेवत नाहीत त्यावर. प्रदक्षिणा घालायची."

"मग तुम्ही रोज टेकडीच्या डोक्यावर कशाला नाचताय?"

अण्णांनी पट्टा गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी मुक्तानं एका हातात माझं बोट धरलं, दुसऱ्यात अण्णांचं, आणि आम्ही टेकडीच्या कडेकडेनं निघालो. मुंग्यांची रांग दिसली की मुक्ता बसकण मारायची. अण्णा आधी वैतागले, मग तेही टेकू लागले. दम पुरला तसे बोलू लागले. हिंदू, बौद्ध, जैन, तिबेटातले बोन धर्माचे लोक, सगळे त्या एकाच डोंगराभोवती चालतात. बोन तर उलट्या बाजूनं.

"समोरासमोर येतात, पण कुणी कुणाला 'चुकलात' म्हणत नाही."

"पुण्यात जमलं नसतं," मी म्हटलं. अण्णा किती दिवसांनी हसले!

महिनाभर असंच चाललो. आज डॉक्टरांनी दोनदा मोजलं. "दिल्लीतही एवढंच राहिलं तर अडचण नाही. आणि तिकडेही हीच चाल ठेवा."

घरी आल्यावर सासूबाईंनी माळ्यावरून लोकरीची कानटोपी काढून गॅलरीत उन्हाला घातली. अण्णा मोबाइलवरचा कैलासाचा फोटो बोटांनी मोठा करून मुक्ताला दाखवत होते.

"इथे वर कुणीच जात नाही?"

"कुणीच नाही."

मुक्तानं फोटोतल्या शिखरावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे वळली.

"आई, मग देव घरी आहे की नाही, ते कोण बघून येतं?"