वावधनातली उशी

मोठीमायच्या उशीला उन्हाचा वास यायचा. उन्हाला वास नसतो असं शिकलेली माणसं म्हणतील. त्यांनी वऱ्हाडातल्या चैत्रात दिवसभर छपरावर वाळलेल्या कापसात एकदा तोंड खुपसून पाहावं. त्या वासात थोडं खोबरेल असे, थोडा चुलीचा धूर, आणि किडे लागू नयेत म्हणून खोळीत टाकलेला कडुनिंबाचा पाला. आज इतक्या वर्षांनी आभाळ गडगडलं तरी मला आधी तो वास येतो, पावसाचा मागून.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. नाव मार्था. माझी आई लवकर गेली, वडील अकोल्याच्या तेलगिरणीत, म्हणून मी मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात तिच्यापाशी वाढले. महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची ही गोष्ट. ती देखणी नव्हती. हात रुंद, चाल जड, आवाज फाटका. चर्चात भजन सुरू झालं की तिचा सूर रांग सोडणाऱ्या बैलासारखा एकटाच बाजूने निघायचा, आणि शेवटच्या ओळीला सगळ्यांच्या आधी पोचून वाट पाहत उभा राहायचा. तिला त्याची लाज नव्हती. हसली की पदर तोंडाला लावायची नाही, दात दाखवून हसायची.

मला वादळाचं भय होतं. आमच्या अंगणातल्या कडुनिंबावर वीज पडली होती आणि भलं मोठं झाड शेंगेसारखं उभं उकललं होतं. तेव्हापासून ढग दाटले की माझे दात वाजत.

यावर मोठीमायचा एकच उपाय होता. प्रभू नावेत असताना वादळ उठलं, ती गोष्ट पाळकसाहेब दरवर्षी सांगत. प्रभूने वाऱ्याला दटावलं आणि पाणी शांत झालं, त्यावर त्यांचा जोर असे. मोठीमायच्या मनात मात्र वेगळीच गोष्ट रुतून बसली होती. तो उशी घेऊन निजला होता. म्हणून वावधन सुटलं, म्हणजे सोसाट्याचा वारा आला, की ही बाई चूल विझवायची, दाराला आडणा लावायची, उशी काढायची आणि भर दिवसा जमिनीवर आडवी व्हायची. "ये पोट्टे, टेक डोकं. तो नावंत निजला होता, आपन तं जमिनीवर हाओत." सारं गाव तिला हसे. गारा पडल्या की लोक अंगणात विळा फेकत, त्याने गारा थांबतात म्हणून. तीही त्यांना हसे. "विळा गंजला तं मंग कापाचं कायनं?"

फाल्गुनातली एक दुपार आठवते. मोठेबाबा, म्हणजे तिचा नवरा, शेतात गेले होते. वेचणी संपल्यावर झाडांना जो उरलासुरला कापूस फुटतो, त्याला आमच्याकडे फरदड म्हणतात. ती आणायला ते एकटेच गेले. दुपार कलता कलता उजेड हळद कालवल्यासारखा पिवळा झाला, पाखरं एकाएकी गप्प झाली, आणि मग कवेलूंवर, म्हणजे छपराच्या कौलांवर, कुणी हरभऱ्याचं पोतं उपडं करावं तसा आवाज आला. हरभरा म्हणता म्हणता दगड झाले. लिंबाएवढ्या गारा. शेताकडे दगडी भिंत नाही, छप्पर नाही, आडोशाला उभं राहायला मोठं झाडही नाही, हे मला ठाऊक होतं. तिलाही होतं.

तिने उशी काढली.

मला तिचा राग आला. म्हटलं, "मोठेबाबा बाहेर हायेत न, मोठीमाय."

"बाहेर हायेत मनून उभं राहू काय? उभं राहून गारा थांबतेत?"

तेवढ्यात दार धडधडलं. शेजारची हुरमतबी, पिंजाऱ्याची बायको, दोन पोरी काखेत मारून आत आली. तिची कवेलू फुटली होती. आडव्या पडलेल्या मोठीमायला पाहून ती म्हणाली, "मारथा, मेरा घर टपक रहा, तेरा मरद बाहर है, और तू सो रही?"

"तूबी पड. जागा हाय."

"अल्ला, अजीब औरत है," असं म्हणत हुरमतबीने पोरी निजवल्या आणि स्वतःही टेकली. एका उशीवर पाच डोकी. वर आभाळ घर कांडत होतं आणि खाली कापसात आमचे श्वास एकमेकांत मिसळत होते. मोठीमायचे डोळे मिटलेले होते. मी पायथ्याकडे पाहिलं. तिच्या पायाचा अंगठा हलत होता, भजनाच्या ठेक्यावर, अगदी बेसूर माणसाचाही चुकत नाही अशा ठेक्यावर. ती झोपली नव्हती. तो अंगठा पाहत पाहत माझे दात वाजायचे कधी थांबले, मला कळलं नाही.

गारा थांबल्या. अंगण मीठ सांडल्यासारखं पांढरं झालं होतं. आणि त्या पांढऱ्यातून मोठेबाबा आले, डोक्यावर कापसाचं भलं मोठं गाठोडं, त्यातून पाण्याच्या धारा, मिशांत गारेचे खडे, खांदे काळेनिळे. डोकं शाबूत.

मोठीमाय दारात उभी राहून म्हणाली, "सारा कापूस भिजवला न."

"मंग डोकं फोडून घेऊ काय? गाठोडं डोक्यावर घेतलं अन् बसलो बांधाच्या कडंले."

"मनजे तुमीबी उशी घेतली," ती म्हणाली, आणि सगळे दात दाखवून अशी हसली की हुरमतबीच्या पोरी दचकून उठल्या. मोठेबाबाही हसले, मग खांदा दुखला म्हणून शिवी दिली, मग पुन्हा हसले. यात चमत्कार किती आणि कापूस किती, ते मी ठरवत नाही. वऱ्हाडात कापूस कुणाच्याही डोक्यावर असतो.

नंतर मी तिला विचारलं, "तू झोपली नव्हती न?"

"झोप कुठची बाप्पा. पाठ टेकनं आपल्या हाती हाय. झोप देनं त्याच्या."

भिजून पिवळ्या पडलेल्या त्या कापसाला बाजारात कुणी हात लावला नसता. सरकी काढून हुरमतबीच्या नवऱ्याने तो पिंजला, आणि त्याच्या उश्या झाल्या. एक त्यांच्या घरी, एक आमच्याकडे.

मोठीमाय गेली, मोठेबाबा तिच्या आधी गेले. मी अकोल्यात सिमेंटच्या छताखाली राहते. गारा पडल्या तर नुसत्या टिचक्या मारल्यासारख्या वाजतात. त्या भिजल्या कापसाची उशी अजून माझ्यापाशी आहे. खोळ कितीदा बदलली, कापूस कितीदा पिंजून घेतला, तिचा जुना तंतू किती उरला असेल, देव जाणे. पण वावधन सुटलं की मी दिवा मालवून आडवी होते, आणि न ठरवता भिंतीकडे सरकते. सून विचारते, इतकी जागा कुणासाठी सोडता? काय सांगू? काळ माणूस उचलून नेतो, पण माणसाने उशीत पाडलेला खड्डा न्यायला विसरतो, आणि त्या खड्ड्याशेजारी मला अजून छान झोप लागते.